ताईचा डावा डोळा

खोटे डोळे बनवणं हा धाकटीचा पोटापाण्याचा उद्योग. घरात तिला सगळे धाकटी म्हणत, केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच म्हणत. इस्पितळात ती ‘डोळेवाल्या बाई’. दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून तिची लांबट खोली होती. ती तिने वरिष्ठांशी भांडून मिळवली होती, कारण त्या खोलीला उत्तरेची मोठी खिडकी होती. डोळा रंगवायचा तो दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली रंगवलेलं बुबुळ रस्त्यावर आलं की परक्याचं दिसतं.

अपघातात, आजारात, मारामारीत डोळा गमावलेली माणसं तिच्यासमोर येऊन बसत. ती रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायची, त्यावरून मेणाचा नमुना घडवायची, तो बसवून पापणी नीट मिटते का हे पुन्हा पुन्हा बघायची. मग पांढऱ्या ॲक्रिलिकचा डोळा ओतायची आणि माणसाला खिडकीशी बसवून त्याच्या शाबूत डोळ्याकडे बघत बघत दुसरा रंगवायची. लोक ज्याला काळा डोळा म्हणतात तो काळा कधीच नसतो. त्यात तपकिरी असतो, मध असतो, कडेला राखाडी असतो. शिरांसाठी ती लाल रेशमाचा धागा पिंजून केसाहून बारीक करायची आणि चिमट्याने एकेक तंतू पांढऱ्यावर बसवायची. आरशात बघून पुष्कळजण रडत. एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले होते, “बाई, हा खऱ्यापेक्षा बरा झालाय. आता दुसराही बदलून द्या.”

ही तिची नोकरी. चित्रकला वेगळी, असं ती स्वतःला बजावत आली होती. कला महाविद्यालयात तिचा हात सगळ्यांत पक्का होता. घरी आई आणि ती दोघीच. लग्नाचं जमलं नाही, मग तो विषयही मागे पडला. सुट्टीच्या दिवशी बंद केलेल्या गॅलरीत ती कॅनव्हास लावून बसायची. चित्रं जमत. पण जमत म्हणजे काय, हाच घोळ होता.

कॉलेजातले तिचे सर आता निवृत्त झाले होते, तरी ती नवं काही झालं की त्यांना नेऊन दाखवायची. सर चष्मा वर सरकवून चित्रासमोर उभे राहत, मान हलवत, आणि दर वेळी तेच म्हणत.

“हात सोन्याचा आहे तुझा. पण तू कुठे आहेस यात?”

“म्हणजे काय, सर?”

“म्हणजे हे कुणीही काढलं असतं. चांगल्या हाताच्या कुणीही. तुला जगाला काय सांगायचंय? ते सापडेपर्यंत ही नुसती सुलेखनाची वही आहे.”

शहरातल्या मोठ्या कलादालनाच्या मालकीणबाईंनीही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं होतं. त्या कुणाचं मन मोडत नसत, नुसत्या हसत आणि म्हणत, “अजून थोडं आतून येऊ द्या.” आतून म्हणजे कुठून, हे धाकटीला कळेना. तिने तोडलेली झाडं काढून पाहिली. पूर काढला. लढाईत पडलेलं शहर काढलं. आईने चहाचा कप हातात घेऊन ते शहर न्याहाळलं आणि म्हणाली, “कालच्या पेपरातलं दिसतंय.” धाकटी चिडली, पण आईचं खरं होतं. ती लढाई तिने पेपरातच पाहिली होती.

“कलाकाराला काहीतरी भोगावं लागतं,” सर एकदा म्हणाले होते. धाकटीने घरी येऊन हिशेब मांडला. तिने काय भोगलं होतं? वडील गेले ते म्हातारे होऊन, झोपेत. नोकरी लागली ती पहिल्या अर्जात. तिला कुणी फसवलं नव्हतं, मारलं नव्हतं, टाकलं नव्हतं. पन्नाशी जवळ आली आणि आपल्याकडे सांगण्यासारखं दुःखसुद्धा नाही, याची तिला लाज वाटायला लागली होती.

दुःख होतं ते ताईकडे.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची. कडक, ताठ, वर्गात शिरली की शेवटच्या बाकावरचासुद्धा पाय खाली घ्यायचा. तिचा डावा डोळा खोटा आहे हे शाळेत कुणालाही माहीत नव्हतं, इतका तो धाकटीने बेमालूम केला होता. लग्नाच्या चौथ्या वर्षी भाऊजींनी भांडणात किल्ल्यांचा जुडगा फेकून मारला, त्यात तो गेला. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. इस्पितळात ताईने सांगितलं, “कपाटाचं दार उघडं होतं, वाकले आणि कोपरा लागला.” आईने ते ऐकलं, धाकटीने ऐकलं, वडिलांनी ऐकलं. नंतर एकदा, एकदाच, ताईने आईला खरं काय ते सांगितलं आणि वर म्हणाली, “याच्यावर आता कुणी बोलायचं नाही.” कुणी बोललं नाही. कपाट घरात कायमचं मुक्कामाला आलं. भाचीला, छकुलीला, लहानपणी कपाटाचं दार उघडं टाकलं की धपाटा मिळायचा, आणि तीही कळती झाल्यावर मैत्रिणींना सांगायची, “आमच्या आईला कपाट लागलं होतं ना, म्हणून.”

भाऊजी त्या दिवसानंतर पार बदलले. आवाज चढवणं सोडलं. छकुलीला शाळेत सोडायला तेच, तिच्या तापात रात्र रात्र बसायला तेच. लोक ताईला म्हणत, “नशीब काढलंत हो, असा नवरा मिळाला.” ताई म्हणायची, “हो ना.”

खोटा डोळा दर काही वर्षांनी नवा करावा लागतो. वयाबरोबर खोबण बदलते, आणि खरा डोळा फिकट होतो. जोडीदाराला त्याच्याबरोबर म्हातारं करावं लागतं. तशी ताई त्या हिवाळ्यात आली. आल्या आल्या तिने दाराला आतून कडी घातली, खुर्चीत बसली, बोटाने खालची पापणी ओढली आणि डोळा काढून वाटीत टाकला.

“हुश्श,” ती म्हणाली. दिवसभराचे घट्ट बूट काढल्यासारखं.

मग ती बोलत सुटली. मुख्याध्यापकांची नक्कल केली. छकुलीच्या ऑफिसातल्या एका लांबुडक्या मुलाबद्दल सांगितलं, जो घरी येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो. “मी म्हटलं, अरे मागे सरक, पडशील. तर म्हणतो, सवय आहे.” आणि ताई हसली, डोकं मागे टाकून, तोंड उघडून. खिडकीचा उजेड तिच्या रिकाम्या खोबणीत शिरला होता. डाव्या बाजूला पापणी आत गेलेली, उजव्या बाजूला हसून पाणी आलेलं.

धाकटीचा हात थांबला. ताईला असं हसताना तिने इतर कुठे कधी पाहिलं होतं? घरी नाही, समारंभात नाही. तिथे ताई मान किंचित डावीकडे वळवून, ओठ मिटून हसायची.

“काय बघतेस?”

“काही नाही. हलू नकोस.”

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने जेवणाआधीच कॅनव्हास लावला. चित्र एका बैठकीत उतरलं. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. रेघ शोधावी लागली नाही, रंग खोडावा लागला नाही. हसणारी बाई, एक डोळा, आणि दुसऱ्या जागी खोल, गुलाबी, ओला उजेड. धाकटी मागे सरकली आणि तिच्या अंगावर काटा आला. सर विचारायचे ते हेच होतं.

पुढच्या काही महिन्यांत तिने एकामागून एक चित्रं काढली. फळ्यासमोर उभी असलेली ताई, डोळ्याशिवाय. भाऊजींच्या शेजारी जेवायला बसलेली ताई, डोळ्याशिवाय. कपाटासमोर उभी असलेली ताई. कपाटाचं दार नीट बंद, आणि जमिनीवर किल्ल्या. आई गॅलरीत यायची, बघायची आणि काही न बोलता कपडे वाळत घालायला जायची. किल्ल्यांचं चित्र झालं त्या दिवशी मात्र ती थांबली.

“ताईला विचारलंस?”

“सांगितलंय. फोनवर म्हटलं, तुझी चित्रं काढतेय.”

“काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, माझं काय काढायचंय, काढ.”

“या किल्ल्या काढतेयस, हे सांगितलंस?”

धाकटी ब्रश पुसत राहिली.

“मी विचारतेय, सांगितलंस का?”

“आई, चित्र आहे ते. पंचनामा नाही.”

आईने ओल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “बघ बाई,” एवढंच म्हणाली.

मालकीणबाई चित्रं बघायला स्वतः घरी आल्या. एकेक चित्र दोनदोनदा पाहिलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, “हे इतके दिवस कुठे दडवलं होतंत तुम्ही?” धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं ज्या वाक्यासाठी दार ठोठावलं, ते वाक्य तिच्याच घरात, तिच्याच मोडक्या खुर्चीत बसून कुणीतरी म्हणालं होतं. सरांना दाखवलं, तर सरांनी चष्मा वर केलाच नाही. काढून खिशात ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“सापडलं तुला,” ते म्हणाले.

प्रदर्शन ठरलं. उद्घाटनाला एवढी गर्दी की धाकटीला तिचीच चित्रं दिसेनात. ताईला शाळेच्या परीक्षा होत्या. ती सावकाश येणार होती. धाकटीला त्याचं बरंच वाटलं. तिने ठरवलं होतं, कुणी विचारलं तर सांगायचं, एक बाई आहे, ओळखीची. डोळ्याचं विचारलं तर, अपघात.

पेपरची एक तरुण वार्ताहर तिला कोपऱ्यात घेऊन गेली. बोलायला गोड, आणि ऐकायला त्याहून. धाकटीचं एवढं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“ही तुमच्या कुणी जवळच्या आहेत ना? रंगांत कळतंय ते.”

“माझी मोठी बहीण.”

“आणि डोळा…?”

‘अपघात’ हा शब्द जिभेच्या टोकावर होता. पण त्या मुलीने मान तिरकी केली होती, पेन थांबवलं होतं, आणि मागे भिंतीवर किल्ल्या लखलखत होत्या.

“नवऱ्याने,” धाकटी म्हणाली. “किल्ल्यांचा जुडगा मारला. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं गप्प बसलो.”

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. नुसतं हलकं नाही, उंच वाटलं. मुलीने तिचा हात दाबला आणि म्हणाली, “किती धैर्य लागलं असेल तुम्हाला.” धाकटीने ते धैर्य स्वीकारलं. त्या घटकेला तिला ते आपलंच वाटलं.

दोन दिवसांनी ते पेपरात आलं, किल्ल्यांच्या चित्रासकट. त्या दिवशी दुपारी छकुली प्रदर्शनाला आली. तिने पेपर वाचला नव्हता. मावशीचं प्रदर्शन म्हणून ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना आणि त्या लांबुडक्या मुलाला घेऊन, मिरवत आली होती. धाकटीने तिला दारातच पाहिलं. पुढे व्हावं, हाताला धरून बाहेर न्यावं, असं तिच्या मनात आलं. पण तिच्याशी एक गिऱ्हाईक बोलत होतं आणि ती बोलत राहिली.

छकुली पहिल्या चित्रासमोर थबकली. आईला तिने डोळ्याशिवाय कधीच पाहिलेलं नव्हतं. मग ती पुढे सरकत गेली, एकेका चित्रासमोर, मैत्रिणी मागे मागे. भिंतीवर चिकटवलेल्या पेपरच्या कात्रणापाशी ती पोचली. मैत्रिणींनी तिच्याआधी वाचून संपवलं असावं, कारण त्या एकदम बाजूला झाल्या.

ती धाकटीजवळ आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

“मावशी, कपाट नव्हतं?”

“छकुली, आपण बाहेर बसून…”

“कपाट होतं का नव्हतं, एवढंच सांग.”

“नव्हतं.”

छकुलीने मान हलवली, जणू दुकानात विचारलेली वस्तू नव्हती. मैत्रिणींना म्हणाली, “चला.” लांबुडका मुलगा मात्र दाराशी जाऊन परत आला आणि धाकटीला अगदी आदराने म्हणाला, “चित्रं फार छान आहेत.” त्याला बिचाऱ्याला दुसरं काय म्हणावं ते सुचलं नसेल.

ताई प्रदर्शनाला आलीच नाही. ती आली इस्पितळात, आठवड्याने, ठरलेल्या वेळेशिवाय. चित्रांच्या नादात मागे पडलेला नवा डोळा आता तयार होता. फक्त शेवटची चकाकी द्यायची होती. या वेळी तिने दाराला कडी घातली नाही. खुर्चीतही बसली नाही.

“ताई, मी तुला फोन करणार होते.”

“किती दिवस करणार होतीस?”

बाहेर एक्स-रेसाठी कुणाचं तरी नाव पुकारत होते.

“शाळेत काय चाललंय विचार,” ताई म्हणाली. “मुलं एकदम शहाणी झालीत. गणित चुकलं तरी कुणी हसत नाही. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की सगळे खुर्ची देतात. सव्वीस वर्षं मला कुणी खुर्ची दिली नव्हती गं. मी स्वतः ओढून घ्यायचे.”

“लोकांना कळायला हवं होतं, ताई. तू एकटीने…”

“कुणाला कळायला हवं होतं ते ठरवणारी तू कोण?”

“मलाही भोगावं लागलंय ते. आम्हाला सगळ्यांनाच.”

“तू काय भोगलंस?”

प्रश्न सरांच्या प्रश्नासारखाच सरळ होता. “गप्प बसणं,” धाकटी म्हणाली.

“मग ते काढायचं होतंस,” ताई म्हणाली. “तोंड दाबून बसलेली तू. स्वतःचा चेहरा काढायचा होतास. माझा कशाला उचललास? तुझ्या चित्रांत तू कुठे आहेस, मला दाखव बरं.”

धाकटीला राग आला. अपराध्याला येतो तसला, वाट मिळेल तिथून बाहेर पडणारा. “तू तरी काय केलंस? सोडलंस त्याला? त्याच्या ताटात वाढत बसलीस. मी निदान बोलले तरी.”

ताई जराही चिडली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, “तू मला पहिला डोळा बसवलास, तेव्हा काय सांगितलं होतंस? रोज काढायची गरज नाही, महिन्यातून एकदा काढून धुतला तरी पुरे. आठवतं? मी रोज काढते. रोज रात्री. वाटीत ठेवते, त्याच्या उशाशी. एक शब्द बोलत नाही. इतकी वर्षं तो त्या वाटीकडे तोंड करून झोपला. त्याची शिक्षा मी ठरवली होती, आणि ती तो भोगत होता. माझी पोर मात्र बापाच्या मायेत वाढली. दोन्ही मी केलं. एकटीने. कुणाच्या मदतीशिवाय.”

हे धाकटीला माहीत नव्हतं. एवढी चित्रं काढली, त्यातलं एकही या बाईचं नव्हतं.

“छकुलीने घरी येऊन त्याला विचारलं,” ताई पुढे म्हणाली. “तो तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. सगळं कबूल केलं. आता काय झालंय सांगू? पोरगी माझ्याशी बोलत नाही. बापाने चूक केली, पण कबूल केली; तू मात्र जन्मभर खोटं बोललीस, म्हणते. खरंच आहे. कपाट तर माझंच होतं. आणि तो मोकळा झाला. दोन वेळा नीट जेवतोय. काल रात्री मी वाटी ठेवली, तर हात पुढे केला आणि म्हणाला, दे, मी धुऊन ठेवतो.”

तिचा आवाज तिथे पहिल्यांदा फाटला. मग तिने टेबलावरचा नवा डोळा उचलला, उजेडात धरला, फिरवून पाहिला. “फार सुंदर केलायस,” ती म्हणाली, खरोखरच, कामाची कदर करावी तसं. आणि तो जागेवर ठेवून दिला. “मी दुसरीकडून करून घेईन.”

ती गेली. धाकटी तो डोळा घेऊन घासत बसली. चकाकी केव्हाच आली होती.

प्रदर्शनातली सगळी चित्रं गेली. किल्ल्यांचं चित्र एका बँकेने घेतलं आणि म्हणे बैठकीच्या दालनात लावलं. मालकीणबाई रोज फोन करत. “पुढचं काय? लोक विचारतायत. धागा तुटू देऊ नका.” त्यांनीच सुचवलं, “तुमच्याकडे इतके रुग्ण येतात. प्रत्येकाची एकेक कहाणी असणारच.” धाकटी नाही म्हणाली. पण पुढे एकदा, भट्टीत डोळा गमावलेल्या एका लोहाराला तिने विचारूनच टाकलं, “तुमचं चित्र काढलं तर चालेल?” त्याने तिच्याकडे एका डोळ्याने नीट पाहिलं. “बाई, लोकांना दिसू नये म्हणून तर तुमच्याकडे आलो,” तो म्हणाला.

ताईचं ‘स्वतःचा चेहरा काढायचा होतास’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मग एका सुट्टीच्या दिवशी धाकटीने गॅलरीत आरसा टांगला आणि स्वतःला काढायला बसली. हे चित्र एका बैठकीत झालं नाही. महिनोन् महिने झालं नाही. ओठांशी येऊन ब्रश अडायचा. मिटलेले ओठ काढायला सोपे, पण हे मुद्दाम मिटलेले, आतून दातांनी धरलेले. ती खोडायची, पुन्हा काढायची. शेवटी एकदाचं ते झालं: मध्यम वयाची बाई, दोन्ही डोळे धड, सगळं पाहिलेले, आणि तोंड असं की ते कधी उघडेल असं वाटूच नये. त्यात धक्का नव्हता, गोष्ट नव्हती. पण धाकटीला पहिल्यांदाच चित्रापुढे उभं राहून नजर खाली घ्यावीशी वाटली. हे मात्र आपलं, तिला वाटलं. कुणाचं उचललेलं नाही.

मालकीणबाईंनी ते पाहिलं, मान एकीकडे केली, दुसरीकडे केली.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण जरा बंद आहे नाही? बघणाऱ्याला आत शिरायला जागा मिळत नाही. बहिणीच्या चित्रांत कसं, एकदम काळजात घुसायचं.” आणि दार लावता लावता, “तेच अजून थोडं करता आलं तर बघा ना.”

सरांना दाखवायचा धीर तिला झाला नाही.

ते चित्र घरीच राहिलं, पलंगाच्या बाजूला भिंतीला टेकवून. आईला हल्ली चालताना धाप लागायची. एकदा खोलीत येता येता ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि चित्राकडे बघत राहिली.

“हे केव्हा काढलंस?”

“झाले दोन-तीन महिने.”

“मला बसवलं नाहीस, काही नाही,” आई म्हणाली. “पण बरोबर काढलंयस. अशीच दिसत असेन मी तेव्हा. ताईने सांगितलं त्या दिवशी.”

“आई, ती मी आहे.”

आईने पुन्हा पाहिलं. “असं होय,” म्हणाली. मग, कुणाला दोष न देता, “नाही गं. ती मीच आहे. तुला मी सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून. तू काय, लहान होतीस.”

धाकटीने चित्र उचललं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

ताई आता आईला भेटायला येते ती दुपारी, धाकटी कामावर असताना. आईची औषधं आणून ठेवते, चादर बदलते. एकदा दोघींची जिन्यात गाठ पडली. ताईचा नवा डोळा दुसऱ्या कुणीतरी केलेला होता. रंग एक छटा गडद, नजर किंचित बाहेर. कुणालाही कळला असता. ताईने मान वळवली नाही; सरळ धाकटीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, “आईची रक्तदाबाची गोळी संपलीय,” आणि उतरून गेली.

त्या वर्षअखेरीस तिच्या जुन्या कला महाविद्यालयाने तिला बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता: कलाकाराला स्वतःचं म्हणणं कसं सापडतं. सभागृह भरलं होतं. सर पहिल्या रांगेत बसले होते, म्हातारे आणि तृप्त. पडद्यावर मोठी करून ताईची चित्रं दाखवली, हसणारी, फळ्यापुढची, किल्ल्यांची. धाकटी बोलली, बरं बोलली. आतून येऊ द्या, म्हणाली. घाई करू नका, म्हणाली. पोरं माना हलवत होती.

शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, तुमच्या ताईंनी ही चित्रं पाहिली तेव्हा त्या काय म्हणाल्या?”

सर मान वळवून मुलीकडे कौतुकाने बघत होते. प्रश्न त्यांना आवडला होता.

“रडली,” धाकटी म्हणाली. “मला मिठी मारली. म्हणाली, जे मला बोलता आलं नाही ते तू बोललीस.”

टाळ्या वाजल्या, बराच वेळ वाजल्या. धाकटीने हात जोडले आणि पुढचा प्रश्न घेतला.